संगणकाची खिडकी का तुंबते?

पनवेलहून उरणच्या वाटेला लागले की जासई येते. १९८४ च्या जानेवारीतील शेतकरी आंदोलनामुळे हे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या कानी गेले. दि. बा. पाटील याच गावचे. एके काळी या बाजूला भातखाचरे आणि मिठागरे असत. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि गावाच्या अंगावरून कंटेनरच्या गाड्या धावू लागल्या. आता तर अटल सेतूचे टोकही जवळच चिर्ल्याला उतरले आहे. तेव्हा रांग तुंबणे म्हणजे काय, हे जासईकरांना मी शिकवायला नको. बंदराच्या फाटकावर एका गाडीचा कागद अडला, की तिच्यामागच्या गाड्या अडतात. त्या गाड्यांत दोष नसतो आणि रस्ताही खचलेला नसतो. तरी सारे जागच्या जागी उभे.

परवा तिथल्या एका गुरुजींनी मला प्रश्न केला. म्हणाले, "२०१७ साली बंदरातला संगणक बंद पडला होता, तेव्हा कोणी विषाणू सोडला असे आम्ही वाचले. पण आमच्या शाळेची माहिती भरताना पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहते, तेही कोणी विषाणू सोडला म्हणूनच का? कुलूप फुटत नाही, चोरी होत नाही, मग काम अडते कसे?"

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर दोन वाक्यांत देण्याजोगे नाही. म्हणून आजचे हे भाषण.

आधी २०१७ ची गोष्ट थोडक्यात सांगून बाजूला ठेवू. त्या वर्षी २७ जून रोजी न्हावा-शेव्यातील एका टर्मिनलचे काम एकाएकी थांबले. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या गटातले. क्रेन शाबूत होत्या, माणसे हजर होती; पण कोणती पेटी कोठे ठेवली आहे आणि कोणत्या गाडीवर चढवायची, हे सांगणारा संगणकच मुका झाला होता. त्याच दिवशी जगात ठिकठिकाणी मर्स्कची सतरा टर्मिनले अशी अडली. विषाणू निघाला होता युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रणालीच्या वाटेने. पुढच्या दहा दिवसांत मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने मांडावे लागले. त्यातली एक मौज सांगण्यासारखी आहे. कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा मूळ आराखडा ज्या संगणकांवर होता ते सगळे पुसले गेले; एकच प्रत वाचली, आफ्रिकेतील घाना देशात, आणि ती वाचली कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगचा असाही उपकार होऊ शकतो.

पण तो सरळ दरोडा होता. गुरुजींनी विचारलेली गोष्ट निराळी. तिला इंग्रजीत डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात. आपण सेवेचा खोळंबा म्हणू. यात घरात कोणी शिरत नाही आणि काही नेतही नाही. फक्त खिडकीवरच्या कारकुनाला असे काम लावून देतात की तो मान वर करत नाही, आणि बाकीचे लोक रांगेत तिष्ठत राहतात.

असा खोळंबा दोन रीतींनी होतो. एक, खिडकीवर हजार माणसे एकदम सोडायची. २०१६ च्या जुलैत मुंबईतील इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांवर असाच लोंढा आला होता आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले होते. हा प्रकार समजायला सोपा आहे. दुसरी रीत मात्र अधिक विचार करण्यासारखी. तिच्यात गर्दी लागत नाही. एकच माणूस येतो, एकच कागद देतो, कागदही लहानसा. पण तो असा लिहिलेला, की तो वाचता वाचता कारकुनाचा दिवस मावळावा. दोष असतो कारकुनाच्या कामाच्या पद्धतीत, आणि ती पद्धत त्याला कोणी शिकवली, तिथेच आपल्याला आज जायचे आहे.

संगणकाचा कार्यक्रम लिहिणारा मनुष्य सगळे काही स्वतः लिहीत नाही. सुतार दरवाजा करतो, पण बिजागऱ्या दुकानातून आणतो. तसे संगणकाच्या धंद्यात तयार भाग मिळतात. तारीख मोजणारा, अक्षरे मांडणारा, पत्राची घडी उलगडणारा असे कितीतरी. अशा तयार भागाला लायब्ररी म्हणतात. शब्द तोच असला तरी आपल्या वाचनालयाशी त्याचा संबंध नाही. यांपैकी पुष्कळ लायब्ऱ्या खुल्या असतात, म्हणजे त्या कशा लिहिल्या ते कोणीही वाचावे, बदलावे, फुकट वापरावे. गावाच्या सामाईक विहिरीसारखे. एका विहिरीवर एक गाव पाणी भरते. या लायब्ऱ्यांवर जगातल्या बँका, बंदरे, रुग्णालये, तुमचा-माझा मोबाइल, सगळेच पाणी भरतात. साहजिकच विहिरीचा काठ ढासळला तर तो एकट्या मालकाचा प्रश्न राहत नाही.

आता एक खरे उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्या मराठी अक्षरांच्या जवळचे.

तुमच्या मोबाइलवर "विद्यार्थी" हा शब्द उमटतो तेव्हा किती उठाठेव होते याचा कधी विचार केला आहे का? तुम्ही आधी "व" दाबता आणि मग पहिली वेलांटी. पण उमटताना वेलांटी आधी आणि व नंतर. "द" आणि "य" एकत्र येऊन "द्य" होतात. पुढचा रफार "थ" च्या डोक्यावर जाऊन बसतो. जुन्या छापखान्यात हे काम कंपोझिटर करीत असे. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून मराठी खिळे जुळवणाऱ्यांच्या पिढ्या या कामात तरबेज झाल्या. काना कुठे, मात्रा कुठे, अनुस्वार किती वर, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असे.

संगणकातल्या या कंपोझिटरचे नाव हार्फबझ. बेहदाद एस्फहबोद हे त्याचे मुख्य कर्ते. नाव फारसी आहे. "हर्फ" म्हणजे अक्षर, आपल्याकडचा "हरफ" तोच, आणि "बाज" म्हणजे खुले. ही लायब्ररी खुली आहे. अँड्रॉइड मोबाइल, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत तीच अक्षरे मांडते. देवनागरीच काय, अरबी, तमिळ, बंगाली सगळ्या लिपींची ती जुळणी करते. जासईतल्या मुलाच्या हातातल्या मोबाइलवर मराठी धडा नीट दिसतो, त्यात या फुकट कंपोझिटरचा वाटा आहे.

२०२३ च्या आरंभी या कंपोझिटरमध्ये एक दोष उघड झाला. दोषांची जगभर एक नोंदवही असते. तीत त्याचा क्रमांक आहे सीव्हीई-२०२३-२५१९३. हार्फबझच्या ६.०.० पर्यंतच्या आवृत्त्यांत तो होता. दोष असा.

मात्रा, अनुस्वार, उकार यांसारख्या खुणा एकट्या उभ्या राहत नाहीत. त्यांना कुठल्यातरी मूळ अक्षराला धरून बसावे लागते. म्हणून कंपोझिटरपुढे खूण आली की तो मागे वळून पाहतो. माझे अक्षर कोणते? सहसा ते लगेच मागेच सापडते. "कं" मध्ये अनुस्वाराच्या मागे क आहेच. काम एका पावलात झाले. पण समजा, कोणी खट्याळ माणसाने एक अक्षर लिहिले आणि त्यापुढे खुणांची माळच लावली. कोणत्याही भाषेत असे लिहीत नाहीत, परंतु लिहायला कोणाची आडकाठीही नाही. मग काय होते? पहिली खूण एक पाऊल मागे जाते. दुसरी खूण दोन पावले मागे जाते, तेव्हा तिला तेच अक्षर भेटते. तिसरी तीन पावले, दहावी दहा पावले. मागच्या खुणेने नुकतेच ते अक्षर शोधले होते, पण आपल्या कंपोझिटरला त्याची आठवण नाही. तो दर वेळी नव्याने चालत जातो.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे फळ्यावर या. एक ते दहापर्यंतची बेरीज करा. पंचावन्न. म्हणजे दहा खुणांना पंचावन्न पावले. यात काही बिघडले नाही. हजार खुणा घेतल्या तर ५,००,५०० पावले. हेही संगणकाला जड नाही. एक लाख खुणा घेतल्या तर ५,००,००,५०,००० पावले, म्हणजे पाचशे कोटींच्या वर! खुणा शंभर पटींनी वाढल्या. काम वाढले दहा हजार पटींनी. शेत दुप्पट केले तर बियाणे दुप्पट लागते, हा आपला रोजचा हिशेब. इथे शेत दुप्पट केले की बियाणे चौपट लागते. लहान वाफ्यात हे ध्यानात येत नाही, आणि म्हणूनच असा दोष वर्षानुवर्षे निजून राहतो. तपासणी करणारा लहान मजकूर घालून पाहतो आणि समाधानाने मान हलवतो.

दुरुस्ती मोठी सुरेख होती, आणि लहानशी. शेवटचे मूळ अक्षर कुठे सापडले ते कंपोझिटरने चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. पुढची खूण आली की चिठ्ठी पाहायची. लाख खुणांना पाचशे कोटी पावले लागत, तिथे काम लाखाच्या हिशेबात आले. ही लायब्ररी जावा या प्रसिद्ध प्रणालीतही घातलेली असल्यामुळे त्याच वर्षी जुलैत जावाच्या दुरुस्तीतही हा क्रमांक दिसला. विहीर एक, पाणी भरणारी गावे अनेक, हे म्हणालो ते असे.

यात द्वेष असलाच पाहिजे असेही नाही. संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे लोक एकमेकांना प्रश्न विचारतात असे स्टॅक ओव्हरफ्लो नावाचे मोठे ठिकाण आहे. २० जुलै २०१६ रोजी ते चौतीस मिनिटे बंद पडले. कारण काय, तर कोणा एकाच्या मजकुरात ओळीत एकापुढे एक सुमारे वीस हजार मोकळ्या जागा पडल्या होत्या. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटाव्यात म्हणून एक साधा नियम लावलेला होता. नियमाने पहिल्या जागेपासून मोजत वीस हजार मोजल्या, पुढे अक्षर आले, म्हणजे हा ओळीचा शेवट नव्हे. मग तो दुसऱ्या जागेपासून मोजू लागला, मग तिसऱ्या. पुन्हा तीच बेरीज, एक ते वीस हजार. उत्तर वीस कोटी. लिहिणाऱ्याच्या मनात काही पाप नव्हते. असल्या नियमांमुळे २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीची सेवा सत्तावीस मिनिटे अडली आणि तिच्यामागे उभी असलेली जगातली असंख्य पाने अडली. नियम कंपनीचा स्वतःचा होता. पण तो चालवणारी लायब्ररी अशी होती की काम किती वेळ चालेल याची ती हमी देत नसे. अशी हमी देणारी रीत केन थॉम्प्सन यांनी १९६८ सालीच छापून ठेवली होती. क्लाउडफ्लेअरने मग हमी देणारी लायब्ररी घेण्याचे ठरवले. जुने शहाणपण वहीत पडून राहणे केवळ शेतीत घडते असे नाही.

आता दुसरा एक प्रकार. हा मात्र आपल्या उरण-पनवेलच्या लोकांना फार लवकर कळेल.

समजा, ग्रामपंचायतीत शंभर खणांचे कपाट आहे आणि कागद आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावायचे आहेत. पुण्याच्या एखाद्या पेठेत हे ठीक चालेल. पण आपल्याकडे म्हात्रे, पाटील, घरत, ठाकूर घरोघर! "म" चा खण फुगून फाटेल, "प" च्या खणाचीही तीच गत, आणि कितीतरी खणांत धूळ. कारकून एक म्हात्रे शोधायला सगळे म्हात्रे उलटेपालटे करील. मग शहाणा कारकून काय करतो? नावातल्या सगळ्या अक्षरांना अंक देऊन बेरीज करतो, शंभराने भागतो, बाकी राहील त्या क्रमांकाच्या खणात कागद टाकतो. आता म्हात्र्यांचे कागदही त्यांच्या पहिल्या नावांमुळे निरनिराळ्या खणांत विखुरतात. संगणक नेमके हेच करतो. त्याची लाखो नावे अशा खणांत असतात आणि हवे ते नाव क्षणात सापडते.

पण नियम सगळ्यांना ठाऊक असला तर? मग एखादा इसम घरी बसून अशी दोन हजार नावे तयार करतो की प्रत्येकाची बाकी सातच उरावी. तो सगळा गठ्ठा तो खिडकीत देतो. दर नवा कागद लावताना कारकून आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहतो, आधीच आहे का म्हणून. दोन हजार नावांना सुमारे वीस लाख तुलना. असे गठ्ठे लागोपाठ येत राहिले की खिडकी संपली.

अमेरिकेतील राइस विद्यापीठाचे क्रॉस्बी आणि वॉलाक यांनी २००३ सालीच ही गोष्ट लिहून ठेवली होती. पर्ल या भाषेच्या लोकांनी त्याच वर्षी ती मनावर घेतली. बाकीच्यांनी घेतली नाही. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका संमेलनात क्लिंक आणि व्हेल्डे या दोघांनी जाहीरपणे दाखवून दिले, की पीएचपी, जावा, पायथन, रुबी अशा बहुतेक सगळ्या भाषांत हा दोष तसाच आहे. मग धावपळ झाली. आठ वर्षे हातात होती, ती अशी गेली. उपाय साधा होता. रोज सकाळी दप्तर उघडताना कारकुनाने मनाशी एक गुप्त अंक धरायचा आणि तो हिशेबात मिसळायचा. मग बाहेरच्या माणसाला कोणते नाव कुठल्या खणात पडेल हे सांगता येत नाही.

इथे कोणी म्हणेल, नियम लोकांना दिसतो म्हणूनच हे झाले. लायब्ररी खुली ठेवलीच कशाला? हा आक्षेप वरवर बरोबर वाटतो, पण मला तो पटत नाही. त्याच डिसेंबरात मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतही हाच दोष निघाला. ती तेव्हा खुली नव्हती. तरी २९ डिसेंबर २०११ रोजी त्यांना घाईने दुरुस्ती काढावी लागली. विहिरीवर झाकण घातले म्हणून पाणी शुद्ध होत नाही. उघड्या विहिरीत पडलेले मांजर निदान दिसते तरी.

तिसरा प्रकार मुलांना फार आवडेल, कारण त्यात हसू आहे. एकं, दहं, शतं आपण पाठ केले आहे. एक पत्र असे आले समजा. पहिल्या ओळीत, "एकं म्हणजे हा." दुसऱ्या ओळीत, "दहं म्हणजे दहा वेळा एकं." तिसऱ्या ओळीत, "शतं म्हणजे दहा वेळा दहं." असे करत सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, आणि शेवटी अब्ज. मग खाली एकच आज्ञा, "अब्ज वाचून दाखवा." पत्र दहा-अकरा ओळींचे, पोस्टकार्डावर मावेल एवढे. पण आज्ञाधारक कारकून ते उलगडत बसला तर त्याला शंभर कोटी वेळा "हा" लिहावे लागेल! कागद संपेल, शाई संपेल, कचेरीत जागा उरणार नाही.

एक्सएमएल नावाच्या पत्ररीतीत हे खरोखर करता येत असे, आणि या खोडीचे इंग्रजी नावही अब्ज हास्ये अशाच अर्थाचे आहे. मूळ पत्र एक हजार अक्षरांच्या आत असते. उलगडल्यावर संगणकाची तीन अब्ज अक्षरांची जागा खाते. अशी पत्रे उलगडणाऱ्या खुल्या लायब्ऱ्यांपैकी एक फार जुनी लायब्ररी म्हणजे एक्सपॅट. जेम्स क्लार्क यांनी ती मूळ लिहिली. खोडी ठाऊक होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. २०२१ च्या मे महिन्यात निघालेल्या २.४.० या आवृत्तीत एक्सपॅटने मापच ठरवून टाकले. उलगडलेला मजकूर आठ मेगाबाइटच्या पुढे गेला, आणि तो मूळ पत्राच्या शंभर पटींहून अधिक होऊ लागला, की कारकुनाने कागद परत करायचा. प्रामाणिक पत्र सहसा शंभर पटींनी फुगत नाही. मला हा उपाय आवडतो, कारण त्यात माणसाच्या हेतूची चौकशी नाही. आलेला कागद केवढा आणि त्यापायी मी किती राबलो, एवढेच पाहायचे.

आता विहीर साफ कोण करतो, ते पाहू. ही गोष्ट मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते.

पत्रे उलगडणारी आणखी एक खुली लायब्ररी आहे, लिबएक्सएमएल-टू. मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रणालींत ती बसवलेली आहे. कित्येक वर्षे ती सांभाळण्याचे काम निक वेल्नहोफर नावाच्या गृहस्थांच्या अंगावर होते, आणि तेही पगाराशिवाय. लोक यंत्राने दोष शोधायचे, यादी त्यांच्याकडे पाठवायचे आणि वर अमुक दिवसांत गुपचूप दुरुस्त करा अशी अपेक्षा धरायचे. यादीत खोळंब्याचे दोष भरपूर असत. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी जाहीर केले, की दर आठवड्याला कित्येक तास या तक्रारींत जातात, पगार न घेणाऱ्या माणसाला हे झेपणारे नाही. यापुढे सुरक्षेची तक्रार आणि साधी तक्रार यांत फरक करणार नाही, गुप्ततेची मुदतही पाळणार नाही. काहींना हे बेजबाबदारपणाचे वाटले. मला तसे म्हणवत नाही. गावच्या विहिरीचा गाळ एकाच घराने काढायचा आणि बाकीच्यांनी काठावर उभे राहून त्याला घाई करायची, हे किती दिवस चालणार?

थोडी हालचाल दिसते. जर्मन सरकारने २०२२ साली अशा सामाईक लायब्ऱ्यांसाठी निधी सुरू केला. आपल्याकडे झेरोधा या कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. विहिरीवर पाणी भरणाऱ्यांची संख्या पाहता ही रक्कम लहान आहे, पण कोणीतरी दोर हातात घेतला हे खरे.

गुरुजींनी पुढे विचारले, "यात आम्ही काय करावे?" मोबाइल किंवा शाळेचा संगणक अद्ययावत करण्याची सूचना आली की ती टाळू नका, हार्फबझची ती चिठ्ठी तुमच्या यंत्रात याच वाटेने पोचते. दोष निघून दुरुस्ती झाली, तरी यंत्र जुनेच ठेवले तर त्यात खोट कायम राहते. केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून अशा दोषांच्या सूचना काढते. तालुक्याला संगणकाचे काम पाहणाऱ्यांनी त्या वाचाव्यात. आणि पान फिरत बसले म्हणजे लगेच शत्रूने काही केले असे समजू नका. शेवटच्या तारखेची गर्दी, तुटलेली केबल, गेलेली वीज ही कारणे कितीतरी अधिक वेळा खरी असतात. मी स्वतः एका केंद्रावर दोन तास "सर्व्हर डाऊन" ऐकत बसलो होतो. शेवटी कळले की रस्त्याच्या कामात तारच तुटली होती.

वर्गात मात्र एक प्रयोग जरूर करून पाहावा. जासईच्या त्या गुरुजींनी तो लगोलग केला. वीस मुले ओळीने उभी केली, प्रत्येक मूल म्हणजे एक खूण. ओळीच्या टोकाला एका मुलीच्या गळ्यात "क" ची पाटी. एका मुलाला कंपोझिटर केले. त्याने प्रत्येक खुणेपासून "क" पर्यंत चालत जायचे आणि वर्गाने पावले मोजायची. एक, मग दोन, मग तीन. अर्ध्यावर मुलगा दमला, वर्ग हसू लागला. शेवटी आकडा आला २१०. मग त्याच्या हातात चिठ्ठी दिली. पहिल्या खुणेला एक पाऊल चालला, "क" लिहून घेतले; बाकीच्या एकोणीस मुलांना जागेवरूनच चिठ्ठी दाखवली. एकूण वीस.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, मध्येच नवीन अक्षर आले तर? चिठ्ठीवर जुनाच क राहील, आणि त्याच्या पुढची मात्रा चुकीच्या अक्षराला लागेल."

गुरुजींनी ओळीच्या मधोमध "ख" ची पाटी घालून दुसरी मुलगी उभी केली, आणि कंपोझिटरला सांगितले, आता चिठ्ठीवर अक्षर लिही, आणि कितव्या जागेपर्यंत तपासून झाले तेही लिही. पुढच्या खेपेला त्या जागेपासून आलेल्या खुणेपर्यंतचाच नवा भाग पाहा. मुलाने तसे केले. "ख" दिसताच "क" खोडला, आणि पुढच्या मात्रा बरोबर जागी बसल्या. हार्फबझच्या दुरुस्तीतही चिठ्ठीवर याच दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत.